एक ओळ वर

मी एक पट्टी बोलतेय. लाकडी, बारा इंची, एका टोकाला टांगण्यासाठी भोक असलेली. आत्ता मी एका लांबट खाकी पाकिटात आहे. सोबत दोन कागद आहेत आणि आमच्या खाली-वर अशाच पाकिटांचा ढीग आहे. जिने जन्मभर मोजमाप केलं, तिला स्वतःच्या अंगावर किती पाकिटं पडलीत तेही मोजता येऊ नये, अशी वेळ आलीय खरी.

बाहेर एक कारकून पाकिटं फोडतोय. एक फोडतो, वाचतो, शिक्का मारतो, चहाचा घोट घेतो, मग पुढचं उचलतो. त्याला घाई नाही. घाई मला आहे. आज सोमवार आहे, आणि संध्याकाळी पाचच्या आत हे पाकीट फुटलं नाही तर एका बाईची हक्काची जागा जाईल. आणि ती माझ्यामुळे जाईल. तो माझ्यापर्यंत पोचेपर्यंत तुम्ही तरी माझं ऐकून घ्या.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातला. रंधा मारून झाला की तिथला म्हातारा कारागीर प्रत्येक पट्टी डोळ्याजवळ धरायचा, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने कडेवरून नजर टाकायचा. जी पसंत पडायची नाही ती सरळ सरपणाच्या खोक्यात. माझी पाळी आली तेव्हा त्याने जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ही सरळ आहे." मग माझ्या अंगावर रेघा आणि आकडे उमटले. ते तीन शब्द मी आयुष्यभर मिरवले. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते मला पुढे कळायचं होतं.

माझे पहिले मालक एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापायला जाण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. मला ते ओळीखाली ठेवायचे आणि ती ओळ संपेपर्यंत पुढच्या ओळीकडे बघायचेसुद्धा नाहीत. त्यांची धाकटी मुलगी टेबलाशेजारी बसून हे पाहायची. ते तिला सांगायचे, "डोळा लबाड असतो गं. त्याला पुढे पळायची घाई असते. डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, पट्टीवर ठेव."

मुलीने ते मनावर घेतलं. ती मोठी झाली, एका व्यवसाय शिक्षण संस्थेत शिकवायला लागली, तेव्हा वडिलांनी तिला मला दिलं. बाकी द्यायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतंच. संस्थेत तिला सगळे बाई म्हणत. मीही बाईच म्हणते.

संस्था म्हणजे टायरच्या दुकानावरचे दोन मजले. खाली दिवसभर हवा भरायच्या यंत्राची फुसफुस, वर वर्ग. कामधंदा सांभाळून शिकणारी माणसं तिथे यायची. कुणी दुकानात माल लावणारा, कुणी गाडी चालवणारी, कुणी बापाचा धंदा बुडाल्यावर शहाणा झालेला. दोन वर्षांची व्यवसाय व्यवस्थापनाची पदविका घ्यायची आणि जरा बऱ्या खुर्चीवर जायचं, एवढीच त्यांची इच्छा. बाई त्यांना जीव तोडून शिकवायच्या. बाईंची स्वतःची खुर्चीही काही पक्की नव्हती म्हणा. त्यांची नेमणूक वर्षावर्षाची, दर वर्षी नवा कागद आणि नवी धाकधूक.

शिक्षकांच्या खोलीतल्या खिडकीची कडी तुटलेली होती. एका दुपारी वारा सुटला, खिडकी धाडधाड आपटायला लागली, आणि हिशेबाच्या सरांनी हाताला लागली ती वस्तू फटीत अडकवली. ती वस्तू मी होते. हे सर वरिष्ठ, माणूस मोकळा, पण दुसऱ्याची वस्तू परत जागेवर ठेवायची सवय नाही. दोन दिवसांनी कडी दुरुस्त होणार होती. सरकारी दोन दिवस ते, त्यांची दोन वर्षं झाली. बाईंना लागले की त्या मला काढायच्या, काम झालं की खिडकी आपटायची आणि कुणीतरी मला पुन्हा तिथे खोचायचं. अर्धं अंग उन्हात आणि अर्धं आत. वरून पावसाची ओल.

लाकूड ते लाकूडच. मी वाकले. फार नाही, पण सपाट टेबलावर ठेवलं की मधोमध टेकायचे आणि दोन्ही टोकं अधांतरी. एक दाबलं की दुसरं वर. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा इतकी लाज वाटली की सरपणाच्या खोक्यातल्या बहिणींचा हेवा वाटला. बाईंच्या मात्र लक्षात आलं नाही. आपल्या माणसाचं वाकडेपण आपल्याला उशिरा दिसतं, वस्तूचंही तसंच.

तरी काही बिघडत नव्हतं, कारण जुना तक्ता ठसठशीत होता. तक्ता कसला ते सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

या पदविकेत आठ घटक असतात. काही साठ तासांचे, काही नव्वद, काही एकशेवीस. प्रत्येक घटकात विद्यार्थ्याला शेरा मिळतो: उत्तीर्ण, त्याच्यावर गुणवत्ता, सगळ्यात वर प्रावीण्य. शेवटी शेऱ्यांचे गुण करायचे. त्यासाठी पदविका देणाऱ्या मंडळाचा तक्ता असतो. आडव्या ओळी तासांच्या, उभे रकाने शेऱ्यांचे. ओळ धरून रकान्यापर्यंत जायचं, तिथला आकडा उतरवायचा. आठ आकड्यांची बेरीज एकशेचार भरली तर पदविकेवर "गुणवत्ता" लागते. एकशेतीन झाली तर नुसतं "उत्तीर्ण". मधे काही नाही.

या वर्षी मंडळाला अवदसा आठवली आणि त्यांनी तक्ता बदलला. आकडे नवे, अक्षर मुंगीएवढं, ओळी एकमेकींना खेटून, आणि वरून चकचकीत प्लास्टिक. जुने आकडे बाईंना तोंडपाठ होते. नवे अजून डोळ्यांत बसले नव्हते. म्हणून त्यांनी वडिलांचं ऐकलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

आता तिच्याबद्दल सांगते. वर्ग तिला चादरताई म्हणायचा. वय चव्वेचाळीस, वर्गात सगळ्यात मोठी. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात अठरा वर्षं वाफेच्या इस्त्रीयंत्रापाशी उभी राहिलेली. हे "उभी राहिलेली" लक्षात ठेवा. पायांच्या शिरा दोरासारख्या वर आल्या होत्या, आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की आता उभ्याचं काम बंद. घरात कमावतं माणूस ती एकटीच. धुलाईघरात बसून करायची एकच जागा, देखरेखीची. ती यंदा रिकामी झाली होती. तिला ती मिळणार होती, अट एवढीच की या पदविकेत "गुणवत्ता" हवी आणि निकाल सोमवारी पाचपर्यंत रुग्णालयाच्या कचेरीत हवा. नाही तर जागा बाहेरच्या माणसाला आणि ही घरी.

चादरताई शिकायला यायची ती कामावरून तशीच. हाताला साबणाचा वास, बोटं भिजून सुरकुतलेली. लिहायला वेळ लागायचा. पण तिचा एकशेवीस तासांचा प्रकल्प बाईंनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवला होता, तेव्हा मी टेबलावरच होते.

रुग्णालयातून दर महिन्याला चाळीस-पन्नास चादरी गायब व्हायच्या. सगळे म्हणायचे चोरी, आणि बोट धुलाईघराकडे. चादरताईने काय केलं, प्रत्येक विभागाच्या चादरीच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एकेक टाका घातला आणि तीन महिने वही ठेवली. चादरी चोरीला जातच नव्हत्या. विभागातल्या बायका त्या कपाटात दडवून ठेवायच्या, ऐन वेळी कमी पडू नयेत म्हणून. एकीने दडवल्या की दुसरीला कमी पडायच्या, मग तीही दडवायची. चादरताईने शेवटी लिहिलं होतं, "चोर कोणी नाही. सगळ्या घाबरलेल्या आहेत. रोज ठरलेल्या वेळी चादरी पोचल्या तर कोणी दडवणार नाही." बाईंनी त्यावर लाल शाईने प्रावीण्य लिहिलं.

आणि मी नेमकं तेच खाल्लं.

गेल्या शुक्रवारची गोष्ट. दुपारी चारला मंडळाचा शिपाई निकालाचे कागद न्यायला येणार होता. बाई सकाळपासून एकेकाचे गुण काढत होत्या. चादरताईचा कागद आला. साठ तासांचे तीन घटक, नव्वदचे चार, सगळे आकडे नीट उतरले. मग प्रकल्प. बाईंनी मला एकशेवीस तासांच्या ओळीखाली ठेवलं, डाव्या अंगठ्याने माझं टोक दाबलं आणि उजवीकडे नजर नेली, शेवटच्या रकान्यात. डावं टोक दाबलं गेलं तसं उजवं उचललं. गुळगुळीत प्लास्टिकवर ते जरासं वर सरकलं. एकच ओळ वर. माझ्या कडेवर अठ्ठावीस बसायला हवा होता. बसला होता वरच्या ओळीतला नव्वद तासांचा आकडा.

"एकवीस," बाई पुटपुटल्या आणि त्यांनी एकवीस लिहिलं.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. ओरडायला तोंड नाही, सरकायला पाय नाहीत. मी फक्त पडून राहिले.

बेरीज नव्याण्णव आली.

बाई काही वेळ त्या आकड्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "असं कसं होईल?" आणि त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून काढलं. मलाच घेऊन. तोच अंगठा, तेच टोक, तोच एकवीस. मग त्यांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा काढलं. मला वाटत होतं, बाई, एकदा मला बाजूला फेका. एकदा तुमच्या लबाड डोळ्याने नुसतं बघा. पण जितकी काळजी वाढत गेली तितकं त्यांनी मला घट्ट दाबलं, आणि जितकं दाबलं तितकी मी वर सरकले. तिन्ही वेळा नव्याण्णव.

दुसरे तपासनीस म्हणून हिशेबाचे सर होते. त्यांनी कागद घेतला, पेन्सिल आकड्यांवरून झरझर खाली नेली. "बेरीज चोख आहे, बाई."

"चोखच असणार हो. पण पाच गुणांनी जातेय ती."

"कोण, चादरताई? अरेरे." सरांना खरंच वाईट वाटलं. ते खुर्ची ओढून जवळ बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हा नव्वद तासांचा घटक बघा, ग्राहकसेवेचा. तुम्ही उत्तीर्ण दिलंय, नऊ गुण. त्याचं गुणवत्ता केलं तर चौदा. पाच गुण तिथेच आलेत की. देव तुमच्यापुढे ताट वाढून उभा आहे आणि तुम्ही हात धुवायला निघालात."

"त्या घटकात तिने दुसरा भाग लिहिलाच नाहीये, सर. दोन आठवडे पायाला पट्ट्या बांधून घरी पडून होती."

"मग तर झालंच. ती लिहू शकली असती की नाही?"

"असती."

"मग कोण बघतंय?"

बाईंनी लेखणी उचलली. चादरताईची ती वही काढली, ग्राहकसेवेची, आणि कोरी सोडलेली दोन पानं उलटसुलट करून पाहिली, जणू पाठीमागे काही लिहिलेलं सापडेल. लेखणीचं टोक "उत्तीर्ण" या शब्दावर येऊन थांबलं. केवढा वेळ थांबलं ते मला विचारू नका, माझं माप लांबीचं आहे, वेळेचं नाही. मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, करा. खोटं करा, पण करा, म्हणजे माझं पाप झाकलं जाईल. इतकी मी सरळ.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "नाही जमत हो," एवढंच म्हणाल्या. चारला शिपाई आला आणि कागद थैलीत घालून घेऊन गेला.

साडेचारला चादरताई आली. तिने बाईंचा चेहरा पाहिला आणि दारातच थबकली.

"राहिलं ना?"

"बसा आधी."

"बाई, उभ्याने ऐकायची सवय आहे मला. सांगा."

"पाच गुण कमी पडले, ताई. तीन वेळा काढले मी. तुमची शपथ, तीन वेळा काढले."

चादरताई मग बसली. पाय लांब केले, पिशवी मांडीवर घेतली. रडली नाही. म्हणाली, "मंगळवारी नवीन माणूस येईल. त्याला मीच काम समजावून सांगेन म्हणा, मग घरी जाईन. ते असो. कुठे कमी पडले ते दाखवाल? उगाच भांडायला नाही. मला नुसतं बघायचंय."

बाईंनी स्वतःकडची प्रत काढली, तक्ता मांडला, मला ओळीखाली ठेवलं. आणि चादरताईने अठरा वर्षांच्या सवयीने माझ्यावरून तळहात फिरवला, चादरीवरून फिरवावा तसा. हात मधेच थांबला. तिने एक टोक दाबलं. दुसरं उचललं. पुन्हा दाबलं.

"बाई, ही पट्टी बसत नाहीये."

"म्हणजे?"

"डुगडुगतेय. वाकलीय ही. आमच्याकडे यंत्राची फळी अशी झाली की घडी तिरकी पडते, मग कितीही दाबा." तिने मला उचलून बाजूला ठेवलं आणि सुरकुतलेलं बोट तक्त्यावर टेकवलं. बोट सावकाश उजवीकडे गेलं. "हे एकशेवीस तास. हे उत्तीर्ण... गुणवत्ता... प्रावीण्य. हे अठ्ठावीस आहे ना? तुम्ही एकवीस लिहिलंय."

बाई वाकल्या. स्वतःचं बोट ठेवलं. मग दोघींनी मिळून बेरीज केली. एकशेसहा.

चूक सापडल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. बाईंना तसं वाटलं नाही. त्यांनी मला हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि खिडकीकडे पाहिलं. माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंडळाला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. निकालाच्या आठवड्यात तिथे समक्ष भेटही बंद असते. उरला एकच मार्ग. चूक झाल्याची लेखी कबुली आणि दुरुस्त गुणपत्रक मंडळाच्या पेटीत टाकायचं. पेटी सोमवारी सकाळी उघडते.

हिशेबाच्या सरांनी डोक्याला हात लावला. "बाई, कबुली दिलीत तर मूल्यमापकांच्या यादीतून तुमचं नाव जाईल. यादीत नाव नाही तर पुढच्या वर्षीची नेमणूक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. जरा विचार करा."

यावर चादरताईच म्हणाली, "सर बरोबर बोलतायत. राहू द्या, बाई. माझ्या खुर्चीसाठी तुमच्या पोटावर पाय नको."

"मी तुम्हाला काही देत नाहीये, ताई," बाई म्हणाल्या. "तुमचं माझ्याकडून गेलंय ते परत करतेय." आणि त्या लिहायला बसल्या. खाली रुग्णालयाची सोमवारी पाचची मुदत आणि तिथल्या कचेरीचा फोन क्रमांकही लिहिला. त्यांचं लिहून झाल्यावर सर पुढे झाले, कागद वाचला, नाक ओढलं आणि म्हणाले, "यात आणखी एक ओळ घाला. दुसऱ्या तपासनीसाने फक्त बेरीज पाहिली, तक्ता पाहिलाच नाही. आणा इकडे, सही करतो. खिडकीत पट्टी खोचली मीच होती."

कागद पाकिटात गेले. बाई पाकीट चिकटवणार तेवढ्यात चादरताईने हात धरला.

"तिथे ढीग असेल ना पाकिटांचा? वरून एकेक घेत बसतील. आमच्याकडे शस्त्रक्रियेच्या खोलीतलं तातडीचं गाठोडं आलं की आम्ही त्यात काठी खुपसतो. कितीही ढीग असू दे, काठी हाताला लागते आणि ते गाठोडं आधी निघतं. ही पट्टी घाला आत."

"ती वडिलांची आहे," बाई म्हणाल्या.

"मग राहू द्या."

बाईंनी एकदा माझ्यावरून अंगठा फिरवला. मग लाल शाईची लेखणी घेऊन त्यांनी माझ्या एका अंगावर, जिथे आकडे नाहीत तिथे, लिहिलं: "वाकडी आहे. वापरू नये." शाई ओली होती. ज्या हाताने मला बत्तीस वर्षं पुसून ठेवलं, त्याच हाताने ते लिहिलं. मला लागलं, पण खोटं काय होतं त्यात? मग त्यांनी मला पाकिटात घातलं. मी मावत नव्हते. एक टोक पाकिटाच्या कोपऱ्याला टोचत बाहेर आलं, ते तसंच राहू दिलं.

शनिवार गेला, रविवार गेला. आज सकाळी पेटी उघडली आणि आम्ही सगळे या टेबलावर ओतले गेलो. मी कुठेतरी तळाशी आहे. भिंतीवरच्या घड्याळात दोनचे ठोके पडलेले ऐकले, मग तीनचे. कारकून अजून वरच्याच पाकिटांत आहे. मधेच उठून कुठे जातो, येतो, पंखा वाढवतो. दादा, वरून नका घेऊ हो. एकदा तरी हात खाली घाला. तिथे धुलाईघरात ती यंत्रापाशी वाट बघत असेल, उभ्याने.

थांबा. ढीग हलला. पाकिटं घसरतायत, तो सावरतोय.

"हे काय टोचलं?"

माझं टोक त्याच्या हाताला लागलं. तो मला ओढतोय. वरची पाकिटं बाजूला पडली. फाडलं. उजेड!

तो पत्र वाचतोय. ओठ हलतायत, भुवई वर गेलीय. ड्रॉवरमधून तक्ता काढलाय, तोच, मुंगीएवढ्या अक्षरांचा. चादरताईचा कागद शेजारी ठेवलाय. आता एकशेवीसची ओळ शोधतोय. आणि अहो, हे काय करताय? मला कशाला उचलताय? दादा, माझं दुसरं अंग बघा, लाल अक्षरं तिकडे आहेत, खाली दाबली गेलीत ती. मला ओळीखाली ठेवू नका. तुमच्या पाया पडते, अंगठ्याने दाबू नका.

दाबलं. मी उचलले गेले. सरकले.

"एकवीस," तो म्हणाला. "मग बरोबरच आहे की. या बाईंना काय झालंय?"

त्याचा हात शिक्क्याकडे गेला.

आता मला काही करता येत नाही. जे बोलायचं ते तुमच्याशीच बोलते. तुमच्या हातात कधी कुणाच्या आयुष्याची एखादी ओळ आली, आणि आकडा मनाला पटला नाही, तर त्याच पट्टीने चार वेळा मोजू नका. पट्टी एकदा हातात घेऊन बघा. ती वडिलांची असली तरी बघा. आणि बाईंना कुणी यादीतून काढायला बसलंच, तर त्यांना माझी ही साक्ष सांगा. खोटे पाच गुण त्यांच्या लेखणीच्या टोकाशी होते आणि त्यांनी ते घेतले नाहीत.

शिक्का मारायला जागा करावी म्हणून त्याने मला उचललं. पाकिटात परत कोंबायला उलटं केलं. आणि थांबला.

"वाकडी आहे. वापरू नये." त्याने ते मोठ्याने वाचलं. मग मला डोळ्याजवळ धरलं, एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने कडेवरून नजर टाकली. जन्मल्यावर एकाने अशीच टाकली होती. या वेळी मी काही मिरवलं नाही. बघा म्हटलं, नीट बघा.

त्याने मला टेबलाच्या पार कडेला ठेवलं. तक्ता जवळ ओढला. ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश, एकेक रकाना ओलांडत, उजवीकडे नेलं.

"अठ्ठावीस," तो म्हणाला, आणि घड्याळाकडे बघून त्याने फोन उचलला.